मुलांची पहिली मोटार आणि गच्चीचा कठडा



बारावीचे निकाल लागले की आमच्या रायपुरातील मराठी घरांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो. मुलगा अठरा वर्षांचा झाला, आता त्याला गाडी कोणती घ्यावी? चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळात, उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात, लग्नाच्या पंगतीत हा विषय निघतो आणि सल्ला देणाऱ्यांची उणीव कधीच भासत नाही. कोणी लिटरमागे किती किलोमीटर ते सांगतो, कोणी सुटे भाग कोठे स्वस्त मिळतात ते, तर कोणी पाच वर्षांनी विकताना काय किंमत येईल याचा हिशेब मांडतो. हा सल्ला निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु अननुभवी हातात इतरांचा जीव जाऊ शकेल असे सामर्थ्य आपण ठेवत आहोत, याचा उल्लेख या चर्चेत क्वचितच होतो. मला हा प्रश्न बाजाराचा वाटतो त्याहून अधिक नीतीचा वाटतो, आणि त्याच बाजूने आज आपल्याशी बोलायचे आहे.

वयाचा मुद्दा आधी उरकून घेऊ, कारण त्यात मतभेदाला फारशी जागा नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार अठरा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज सार्वजनिक रस्त्यावर मोटार चालवता येत नाही. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त पन्नास सी.सी.पर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीसाठी. आज घरोघरी दिसणाऱ्या बिनगिअरच्या स्कूटरचे इंजिन शंभर ते सव्वाशे सी.सी.चे असते. म्हणजे शिकवणी वर्गांबाहेर गणवेशातील मुले ज्या स्कूटरवर बसून येतात, त्या चालवण्याचा परवाना त्यांना मिळूच शकत नाही. आईवडिलांना हे ठाऊक असते. पोलिसांनाही ठाऊक असते. २०१९ मध्ये या कायद्यात दुरुस्ती होऊन १९९-अ हे कलम आले. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जाईल, वाहन त्याच्या संमतीनेच बाहेर पडले असे न्यायालय गृहीत धरील, आणि आपल्याला ते माहीत नव्हते किंवा ते टाळण्यासाठी आपण सर्व ती काळजी घेतली होती हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच राहील, असे हे कलम सांगते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड. त्या वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

पुष्कळांना ही तरतूद जाचक वाटली. केले पोराने, भोगायचे बापाने, हा कोणता न्याय, असे त्यांचे म्हणणे. पण न्यायाचा हा विचार फार जुना आहे. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात माणसाला मारणाऱ्या बैलाविषयीचा नियम आहे. बैलाने कोणाला हुंदडून ठार केले तर बैलाला मारावे, धनी निर्दोष. मात्र तो बैल आधीपासून मारका असेल, धन्याला तशी ताकीद मिळालेली असेल आणि तरीही त्याने त्याला आवरले नसेल, तर धन्यावरही प्राणदंडाचा दोष येतो. बैल तोच, शिंगे तीच. फरक पडतो तो धन्याला काय ठाऊक होते यामुळे. सतरा वर्षांच्या मुलाला रात्री मोकळा रस्ता मिळाला की तो काय करील, हे आज कोणत्या बापाला ठाऊक नाही?

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात पोर्शे बनावटीच्या, कोटीच्या वरच्या किमतीच्या, विजेवर चालणाऱ्या मोटारीने एका मोटारसायकलला धडक दिली आणि तिच्यावरील दोघे तरुण अभियंते जागीच गेले. दोघेही मध्य प्रदेशातून नोकरीसाठी पुण्यात आलेले होते. मोटार चालवत असल्याचा आरोप ज्याच्यावर आहे तो मुलगा अठरा वर्षांचाही नव्हता, आणि त्या मोटारीची कायम नोंदणीही झालेली नव्हती. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन देताना ज्या अटी घातल्या, त्यांत रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. देशभर जो संताप उसळला तो मुख्यतः त्या निबंधाविरुद्ध. संताप योग्यच होता. पण निबंधाची चर्चा इतकी झाली की किल्ली त्या हातापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचली हा प्रश्न मागे पडला. पुढे वडिलांना अटक झाली तेव्हा तो पुन्हा वर आला. न्यायालयाचे काम न्यायालय करील. आपल्या घरातील किल्ली कोठे टांगलेली असते, हे मात्र आपणच पाहायचे आहे.

आता मूल खरोखरच अठरा वर्षांचे झाले आहे, परवाना मिळाला आहे, असे धरू. मध्यमवर्गीय घरात यापुढे जे घडते त्याला रीतच पडली आहे. वडील नवी मोटार घेतात आणि बारा-पंधरा वर्षांची जुनी छोटी मोटार मुलाकडे येते. या निर्णयामागचे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे: ‘शिकाऊ आहे, कुठेतरी ठोकणारच, मग जुनीच ठोकू दे.’ काटकसर हा आपल्या समाजाचा गुण आहे आणि मिशनच्या वसतिगृहांतून वाढलेल्या पिढीला तो वेगळा शिकवावा लागला नाही. परंतु या वाक्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे ठोकले जाईल ते पत्रा, दिवा आणि बंपर. घरात सर्वांत कमी अनुभव ज्याला आहे त्याच्याकडे सर्वांत कमी संरक्षण देणारे वाहन जाते, आणि तीस वर्षे मोटार चालवलेला माणूस सहा एअरबॅगांच्या मधोमध बसतो. या वाटणीला एरवी आपण वात्सल्य म्हटले नसते.

जुनी म्हणजे नेमकी काय उणी, हे थोडे स्पष्ट करतो. २०१४ च्या आरंभी ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या मोटारींच्या मूळ आवृत्त्या ताशी चौसष्ट किलोमीटर वेगाने धडकवून पाहिल्या. एअरबॅग एकीतही नव्हती. प्रौढ प्रवाशाच्या संरक्षणासाठी पाचही मोटारींना शून्य तारे मिळाले. त्यानंतर चित्र पालटले. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना ए.बी.एस. ब्रेक बंधनकारक झाले, आणि १ जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग, पट्टा न लावल्यास वाजणारी सूचना आणि ताशी ऐंशीच्या पुढे गेल्यास सावध करणारा आवाज. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची स्वतःची भारत एनकॅप ही तारांकन पद्धती सुरू झाली आहे. तेव्हा नवी मोटार परवडत नसेल आणि वापरलेलीच घ्यायची असेल, तर २०१९ च्या मध्याच्या अलीकडची घ्यावी, इतके तरी ध्यानात ठेवावे. किंवा आणखी सोपे करावे: नवी मोटार मुलाला चालवू द्यावी, आणि जुनीत आपण बसावे. हा उपाय सुचवला की बहुतेक वडील हसतात.

दुसऱ्या टोकाचे पालकही आहेत आणि रायपुरात त्यांची संख्या वाढते आहे. येथील एका स्नेह्यांचा मुलगा रोज भिलाईला शिकायला जातो. त्या महामार्गावर रात्रंदिवस ट्रक धावतात. धान खरेदीच्या दिवसांत, म्हणजे नोव्हेंबरपासून पुढे, मागचा दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात. पावसाळ्यात ओल्या शेतातून उठून कोरड्या डांबरावर येऊन बसलेली गुरे असतात. स्नेह्यांनी मुलासाठी उंच, भक्कम, दोन टनांच्या घरातील गाडी पाहून ठेवली होती. मी थोडी शंका घेतली तेव्हा ते म्हणाले, “दादा, समोरून ट्रक आला तर मला माझं लेकरू जिवंत परत हवं. लोखंड जितकं जास्त तितकं बरं. आधी माझ्याच मुलाचा विचार करणार ना मी?”

या प्रश्नाला झटकन उत्तर देणाऱ्याचा मला विश्वास वाटत नाही. आपल्या लेकराचा विचार आधी करणे हा दोष नव्हे. जो बाप आपल्या मुलाला आणि रस्त्यावरील कोणा अनोळखी माणसाला अगदी एकाच मापाने मोजतो, त्याला आपण थोर म्हणू, पण त्याच्या घरी जन्म घ्यावा असे आपल्याला वाटणार नाही. तथापि त्या वाढीव लोखंडाचे काम कसे चालते तेही पाहायला हवे. दोन वाहनांची टक्कर होते तेव्हा जड वाहनाच्या वेगात बदल कमी होतो आणि हलक्या वाहनाच्या वेगात जास्त. आतल्या माणसाला बसणारा धक्का त्या बदलाइतका असतो. एकाचा धक्का कमी झाला तो विरून जात नाही, समोरच्याच्या वाट्याला जातो. ट्रकपुढे दोन टनही हलकेच ठरतात. मोटारसायकलस्वार, सायकलवरचा मजूर, रस्ता ओलांडणारी म्हातारी यांच्यापुढे मात्र त्या दोन टनांचा पूर्ण भार उभा राहतो. शिवाय समोरचे बॉनेट उंच असेल तर पायी माणसाला मार पायांऐवजी छातीवर बसतो, आणि गाडीच्या अगदी पुढ्यात उभे असलेले लहान मूल चालकाला दिसतही नाही.

हे पायी व दुचाकीवरचे लोक आपल्याकडे किती आहेत? केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवर होती आणि १९.५ टक्के पायी चालत होती. मोटारी, टॅक्सी व व्हॅनमध्ये बसलेल्यांचा वाटा साडेबारा टक्क्यांच्या आसपास. अमेरिकेत बहुतेक सर्वजण मोटारीतच असतात. तरीही मिशेल व्हाइट या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की मोठ्या वाहनांतील लोकांचा एक प्राणघातक अपघात टळतो तेव्हा इतरांच्या वाट्याला किमान ४.३ प्राणघातक अपघात अधिक येतात. त्यांनी या प्रकाराला शस्त्रस्पर्धा म्हटले. शेजाऱ्याने मोठी घेतली म्हणून आपण मोठी घ्यायची, आणि अखेरीस मार खायचा तो ज्याच्याकडे काहीच नाही त्याने.

येथे मला नियमशास्त्रातील एक लहानसा नियम फार उपयोगी वाटत आला आहे. पंचग्रंथातील ज्या पुस्तकाला मराठीत ‘अनुवाद’ असे नाव आहे (आम्हा भाषांतरकारांना ही गंमत पुरते), त्याच्या बाविसाव्या अध्यायात सांगितले आहे, की नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा करावा, म्हणजे कोणी तेथून पडल्यास रक्तपाताचा दोष त्या घरावर येणार नाही. कठड्यासाठी वापरलेला ‘मआके’ हा इब्री शब्द सबंध जुन्या करारात या एकाच ठिकाणी येतो. सपाट छताला आपला जुना शब्द धाबे. पण रायपुरात आज धाबे म्हटले तर ऐकणारा थेट महामार्गावरच्या तंदुरी रोटीपाशी जाऊन पोहोचेल, म्हणून मी गच्ची म्हणतो. हा नियम घर बांधतानाच सांगितलेला आहे. कोणी पडल्यावर कोणाचे चुकले हे ठरवण्यासाठी तो नाही. आणि पडणारा कोण, हे त्यात सांगितलेले नाही. तो घरचा असेल, पाहुणा असेल, शेजारचे पोर असेल किंवा छत सारवायला आलेला गडी असेल. खर्च मात्र घरधन्याचा. कठडा आपल्या मुलालाही वाचवतो आणि परक्यालाही, आणि एकाला वाचवताना दुसऱ्याला ढकलत नाही.

मोटारीतील सुरक्षिततेचेही असे दोन प्रकार पाडता येतात, आणि मला वाटते या प्रश्नाचे उत्तर त्या भेदातच आहे. एक सुरक्षितता दुसऱ्याकडून काही न घेता मिळते. दुसरी दुसऱ्याच्या वाट्यातून येते. पट्टा, एअरबॅग, धडक सोसणारा सांगाडा ही पहिल्या प्रकारची. ए.बी.एस. तर दोघांनाही वाचवते: एकाएकी ब्रेक दाबला की साध्या गाडीची चाके जखडतात आणि स्टिअरिंग फिरवूनही ती घसरत सरळच जाते, ए.बी.एस. क्षणात अनेकदा ब्रेक सैल-घट्ट करून चाक फिरते ठेवते, म्हणून रस्त्यात बसलेल्या गाईला वळसा घालता येतो. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल ही आणखी पुढची सोय. वळणावर गाडी भरकटू लागली तर ती नेमक्या एकाच चाकाला ब्रेक लावून गाडी ओळीत आणते. नवशिक्याला तिची गरज सर्वांत अधिक. याउलट नुसते वजन, उंची आणि दणकट पुढचा भाग यांतून मिळणारे संरक्षण बव्हंशी दुसऱ्या प्रकारचे आहे. पहिल्या प्रकारची सुरक्षितता ऐपत असेल तितकी घ्यावी, कर्ज काढूनही घ्यावी. दुसरी बेताने.

व्यवहारात याचा अर्थ असा, की मध्यम वजनाची, चांगले तारांकन मिळालेली, स्टॅबिलिटी कंट्रोल असलेली आणि इंजिन साधे, ऐंशी-नव्वद अश्वशक्तीचे असलेली मोटार पुरेशी आहे. इंजिनाची ताकद हा कंजुषी करण्याजोगा एकमेव विषय. २०२२ च्या त्याच अहवालानुसार ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या अपघातांतील होते. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. साठच्या जागी ऐंशी म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. आणि आमच्याकडे नवा रायपूरचे रुंद, सरळ, संध्याकाळनंतर रिकामे पडणारे रस्ते आहेत. मोटार शिकवायला आईवडील मुलांना तेथेच नेतात. दिवसा शिकवण्यास ती जागा उत्तम. रात्री एकट्या तरुणाला ती काय सुचवते, हे वेगळे सांगायला नको.

भिलाईच्या स्नेह्यांना मी इतकेच म्हणालो, की ट्रकची भीती खरी आहे. पण तिच्यावर उपाय दोन टन लोखंडापेक्षा दिवसाउजेडी परत येणे हा आहे. न्यूझीलंडने १९८७ मध्ये नवशिक्यांसाठी टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत सुरू केली. आरंभी काही महिने अनुभवी माणूस शेजारी हवा. पुढच्या टप्प्यात एकट्याने चालवता येते, पण रात्री दहा ते पहाटे पाच नाही आणि सोबत मित्रमंडळी नाहीत. यामागे अनुभव आहे. तरुण चालकाच्या गाडीत त्याच्या वयाचे सोबती जितके अधिक, तितका प्राणघातक अपघाताचा धोका अधिक, असे अमेरिकेतील पाहण्यांतूनही दिसले आहे. आपल्याकडे शिकाऊ परवान्यानंतर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते, आणि ती पार पडली की मध्यरात्री चार मित्रांसह जगदलपूरला निघण्यास कायद्याची आडकाठी नाही. सरकारने जो टप्पा ठेवला नाही तो घराला ठेवता येतो. पहिले वर्षभर रात्री नऊनंतर गाडी नाही, मित्र एकाहून अधिक नाही, हे किल्ली देण्यापूर्वी ठरवावे. नंतर ठरवू गेल्यास तो अपमान वाटतो.

मुलींविषयी एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. आपल्या घरांत मुलाला मोटार आणि मुलीला स्कूटी, अशी वाटणी सर्रास होते. मुलीला तेवढीच पुरे, तिला कोठे लांब जायचे आहे, असे म्हणतात. वरचे आकडे पुन्हा वाचावेत. ज्या बापाने मुलाच्या सुरक्षिततेसाठी तारे मोजले, त्याने मुलीला सर्वांत असुरक्षित वाहनावर बसवले, आणि हेल्मेटने केस बिघडतात ही तिची तक्रारही हसून मान्य केली. घरात एकच मोटार असेल तर तिच्यावर दोघांचा हक्क सारखा असावा.

एअरबॅगविषयीही एक गैरसमज आहे. ती पट्ट्याच्या सोबतीने काम करते, पट्ट्याऐवजी नव्हे. पट्टा नसेल तर शरीर पुढे फेकले जाते आणि फुगणाऱ्या पिशवीचाच मार बसू शकतो. मागच्या आसनावर तर पट्टा असतो हेच आपण विसरून गेलो आहोत. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे अपघाती निधन झाले. मोटार उत्तम होती, एअरबॅगा होत्या. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते आणि ते दोघेही गेले. पुढचे दोघे जखमी झाले, पण वाचले.

पट्टा न लावता त्याची सूचना बंद पाडणारी एक क्लिप बाजारात मिळते. लोखंडाचा तो लहानसा तुकडा पट्ट्याच्या खाचेत खुपसला की गाडीला वाटते पट्टा लागला. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना ती विकण्यास मनाई केली आणि तेरा हजारांहून अधिक जाहिराती काढून टाकल्या गेल्या. मुलासाठी मोटार पाहायला निघण्यापूर्वी, वाचकहो, आपल्या स्वतःच्या मोटारीच्या खाचेत तसली क्लिप आहे का, ते एकदा उतरून पाहून यावे. अठरा वर्षे तो मागच्या आसनावरून तिच्याकडे पाहत आलेला असतो.